एकशे नव्वद लिटर

मी मागायला गेले होते वीस लिटरची पेटी,
ओट्याच्या कोपऱ्यात, मिक्सरशेजारी मावेल अशी.
नवख्यानं लहानापासून सुरुवात करावी,
सायकलपासून संसारापर्यंत हेच तर सांगतात.

मुजफ्फर कोकणी म्हणाले, नाही देणार.
शालिमारच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान.
पुढे गप्पी नि गोल्डफिश, आत काळ्या पडद्यामागे निळा उजेड.
"गोड्या पाण्याची लहान पेटी हवी तर आत्ता देतो.
पण हे प्रवाळ आहे, ताई.
लहान पाण्याला चूक पचत नाही."
मग एका पेल्यात चिमूटभर मीठ टाकलं,
एका बादलीत चिमूटभर,
आणि म्हणाले, चाखून बघा.

मी चाखलं नाही.
अकरा वर्षं मी डायलिसिसच्या मशीनपाशी उभी आहे.
चार नंबरच्या खाटेवर मनवा येते, वय नऊ, वजन एकोणीस किलो.
शेजारच्या निकुंभ सरांच्या अंगातून दोन लिटर काढलं
तरी ते पेपरातलं शब्दकोडं सोडवत असतात.
तिच्या अंगातून पेलाभर जास्त गेलं, की ओठ पांढरे.
हे सगळं मला माहीत होतं,
तरी मी वीस लिटर मागायला गेले होते.
हातातली अक्कल बहुतेक लॉकरमध्येच राहते,
पांढऱ्या कोटाच्या खिशात.

एप्रिलात नाशिकची कोरडी हवा पाणी उचलून नेते.
मीठ नेत नाही.
वीस लिटरातून तांब्याभर उडालं, की उरलेलं सगळं जास्त खारट.
एकशे नव्वदला तांब्या गेल्याचं कळतही नाही.

"मग चारशेच द्या," मी म्हटलं. माझा स्वभाव.
ते हसले. "पंधरा दिवसांनी दहावा हिस्सा पाणी बदलायचं.
बादल्या कोण उचलणार? मी येणार नाही.
तुमच्या कमरेला झेपेल तेवढाच समुद्र घ्या."

तीन फूट बाय दीड बाय दीड.
साडेसहा किलो मीठ, मी घरच्या काट्यावर मोजलं.
देवरे मिस्त्रींनी स्लॅबखाली जाऊन बीम शोधला,
पेन्सिलीनं फुली मारली,
खालच्या अहिररावकाकूंच्या हॉलच्या भिंतीवर.
आरओचं वाया जाणारं पाणी मी जिन्याला वापरलं.
पाथर्डी फाट्यावर आमच्याइतका स्वच्छ जिना नसेल.

घाट उतरला की समुद्र आहे.
आमची नदी मात्र त्याच्याकडे पाठ करून निघते
आणि सगळा देश ओलांडून दुसऱ्याच समुद्राला मिळते.
तिला विचारावं वाटतं, जवळचं का नाही घेतलंस?
पण तिनंही काही हिशेब केला असेल.

सात आठवडे झाले. दगड, वाळू, पाणी.
वीज गेली की पंप थांबतो
आणि मी मध्यरात्री उठून इन्व्हर्टरचा दिवा बघते.
अहिररावकाकू खास बघायला आल्या, चष्मा पुसून.
"मासे कुठायत?"
"काकू, अजून पाणी मुरतंय."
"ते तर दिसतंच आहे," त्या म्हणाल्या,
"कुठेतरी पाणी मुरतंय खरं,"
आणि आमच्या ह्यांच्याकडे बघितलं.

परवा दगडातून एक गोगलगाय निघाली.
ज्वारीच्या दाण्याएवढी. विकत घेतलेली नाही.
काचेवरच्या तपकिरी थरात तिनं एक रेघ काढली,
स्वच्छ, वाकडी, बोटभर लांब.

मनवाला सांगितलं.
तिनं गोगलगाईचं काही विचारलं नाही,
विचारलं, "पेटी केवढी आहे?"
मी दोन्ही हात पसरले, तीन फूट, अंदाजानं बरोबर.
तिनं मान तिरकी करून माप घेतलं.
"मग मी मावेन."

हात हलवू नकोस, म्हटलं,
सुई लावायची आहे.